चौथ्या चराचं तोंड

डंपरच्या रस्त्यावर पायी जायचं नाही, हा कोळशाच्या खाणीतला पहिला नियम. पावसाळा अर्ध्यावर आला होता, त्या सकाळी मी तो मोडला. लाल झेंडी घेऊन थेट ग्रेडरसमोर उभी राहिले.

ग्रेडर म्हणजे पोटाखाली आडवं पातं असलेलं लांबलचक यंत्र. खाणीतला रस्ता तोच रोज सपाट करतो. ते घरघरत थांबलं. चालक शिडीवरून उतरला. कानापर्यंत चिखल उडालेला, डोळे तेवढे स्वच्छ.

"बाई, जिवावर उदार झालात की काय?"

"मी नाही. तुम्हीच उठलात, माझ्या गवताच्या जिवावर!"

त्यानं मान वळवून खाली पाहिलं. खाणीतून काढलेल्या मातीचा तो उतार. माती धरून राहावी म्हणून मी त्यावर गवत लावलं होतं. रस्त्याचं पाणी सहा दगडी चरांतून खालच्या गाळाच्या तळ्यात जायचं, तिथे निवळून ओढ्याला. पण हा बाबा उरलेली माती रोज कडेला ढकलायचा आणि चरांची तोंडं बुजायची. मग पाणी वाट मिळेल तिथून फुटायचं आणि उतार चिरत जायचं.

"साहेबांनी बजावलंय," मी म्हणाले, "ओढ्यात पुन्हा गढूळ पाणी गेलं, तर माझी नोकरी गेली."

"आणि कडेला मातीचा बांध नसेल तर डंपर खाली जाईल."

"बांध असू द्या की! सहा जागी हातभर तोंड मोकळं ठेवा. डंपर म्हणजे काही उंदीर नाही, तिथून निसटायला."

तो हसला. हसला की चिखलाला भेगा पडायच्या. "वरून मला तोंडं दिसणार कशी?"

मी प्रत्येक तोंडाशी काठी रोवली, तिला पिवळी चिंधी बांधली. दुसऱ्या दिवसापासून काठी आली की तो पातं उचलायचा आणि हॉर्न वाजवायचा. सहा तोंडं, सहा हॉर्न. उतार हिरवा होऊ लागला. मी गवत खुरपताना हॉर्नकडे कान लावून बसायचे… कामासाठीच, असं मनाला सांगायचे.

एके दिवशी मी चौथ्या चराजवळ होते. तो खिडकी उघडून हळूहळू येत होता.

"काल हॉर्न सात वाजले," मी ओरडले.

"मोजता होय?"

"मोजावे लागतात. नोकरीचा प्रश्न आहे."

"माझाही प्रश्न आहे… पण नोकरीचा नाही."

मी मान खाली घातली. तो बघत बघतच पुढे गेला. पातं उचलायचं राहिलं, हे त्याला कळलं नाही. आणि मी? दोन हातांवर होते, मलाही दिसलं नाही.

दुपारी सर कोसळली. चौथ्या चरापाशी पाणी साचलं, कडेवरून उलटलं, आणि उतारावर माणूस मावेल एवढी घळ पडली. मी धावले. तोही ग्रेडर बाजूला लावून आला. दोघांनी खडीची पोती ओढली, दगड रचले. पाणी वळलं. पण बराच चिखल तळ्यात उतरला होता.

साहेब आले. "चूक कुणाची?"

"माझी," तो म्हणाला. "नजर रस्त्यावर नव्हती."

"मग कुठे होती?"

मी मध्येच म्हणाले, "साहेब, मीही तिथेच होते. तोंड बुजलेलं मलाही दिसायला हवं होतं."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "तळ्याचं पाणी ओढ्याला कसं निघतंय, ते बघू."

तळ्यातलं पाणी ओढ्याकडे सुटतं, त्या सांडव्यापाशी आम्ही तासभर थांबलो. पाऊस भुरभुरत होता. त्याच्या बाहीचं पाणी माझ्या हातावर ठिबकत होतं आणि मी हात काढत नव्हते. शेवटी साहेबांनी काचेची बाटली भरून उजेडात धरली.

पाणी नितळ होतं. गाळ तळ्यानं पोटात घेतला होता.

"बाईंची नोकरी राहिली," साहेब म्हणाले. मग त्याच्याकडे वळले. "तुम्ही उद्यापासून पलीकडच्या टोकाच्या रस्त्यावर. तिकडे उतार नाही आणि गवतही नाही. नजर रस्त्यावर राहील."

साहेब गेले. तो पायातल्या बुटांकडे बघत राहिला.

"फार लांब आहे ते टोक," मी म्हणाले.

"पाच किलोमीटर."

"आणि पायी जायचं नाही, असा नियम."

"हो ना…"

"मग सुटीच्या दिवशी घरी या. थोरल्या बहिणीकडे राहते मी."

त्यानं दचकून वर पाहिलं. "काय म्हणून येऊ?"

"येताना पाहुणे म्हणून या. जाताना काय म्हणून जायचं, ते ताई ठरवेल."

"आणि तुम्ही?"

"माझं ठरलंय."

ताईला अर्धा तासही लागला नाही.