हशाखालचे ठोके

आमच्या मालिकेचं नाव 'हळू हसा हं'. तिला अकरा वर्षं पुरी झाली होती. एक बैठकीची खोली, तीत आई, बाबा, दोन मुलगे, सतत येणारे पाहुणे, आणि उजव्या हाताला वर जाणारा नऊ पायऱ्यांचा लाकडी जिना. खालची मंडळी मोठ्याने हसली की वरच्या मजल्यावरून तीन ठोके पडायचे. सारख्या अंतराने, ठक, ठक, ठक. बाबा छताकडे बघून हात जोडायचे, बाकीचे तोंड दाबून धरायचे, आणि समोर बसलेल्या दीडशे प्रेक्षकांची मुरकुंडी वळायची. वरचं बिऱ्हाड कुणाचं, हे आम्ही एकदाही दाखवलं नाही. वर कुणीही जायचं नाही, हा लिहिण्याचा पहिला नियम.

नियम दादाचा. मालिका आम्ही दोघे भाऊ लिहायचो. प्रसंगांची बांधणी त्याची, बोलणं माझं. लिखाणाच्या खोलीत लांब टेबल, भिंतीवर टाचलेल्या चिठ्ठ्या, आणि कोपऱ्यात एक रंग उडालेली खुर्ची, जिच्यावर दादा कुणाला बसू देत नसे. सुरुवात करताना मी डोळे मिटून देवाला हात जोडायचो. दादा म्हणायचा, त्याला म्हणावं दुसऱ्या प्रसंगात जरा मदत कर, पहिला माझा मी बघतो.

बाराव्या वर्षी वाहिनीवरच्या बाईंनी टूम काढली. त्यांच्याच दुसऱ्या मालिकेतला सुपरहिरो एका भागापुरता आमच्या घरात आणायचा. त्याचं नाव 'आरपार'. त्याला भिंतीपलीकडचं दिसतं. त्यांचा प्रेक्षक पोरंटोरं, आमचा प्रेक्षक निवृत्त माणसं. बाईंचं म्हणणं, दोघांना एका सोफ्यावर बसवू. दादा म्हणाला, मग मधे उशी ठेवावी लागेल.

पहिले दोन दिवस मजेत गेले. आरपारला दारापलीकडचं दिसतं म्हणून दारच दिसत नाही, तो धाडकन आपटतो आणि दाराची माफी मागतो, हे मला सुचलं. आई त्याला कपाट न उघडता हरवलेली कात्री शोधायला लावते, हे दादाला. तिसऱ्या दिवशी मी पुढचं लिहीत होतो. सगळे हसतात, वरून ठोके पडतात, आणि आरपार मान वर करतो.

मी पेन खाली ठेवलं. "दादा, याला वरचं दिसणार."

अकरा वर्षांचं गुपित ज्याच्यासमोर टिकणार नाही, नेमका तोच पाहुणा आम्ही घरात घेतला होता. टेबलाभोवतीच्या मंडळींना तर चेव चढला. कुणी म्हणालं, वर आरपारचा वैरी राहतो. कुणी म्हणालं, एक बाई अकरा वर्षं तीच तसबीर टांगायला खिळा ठोकतेय. दादा हसला नाही. त्याने लिहून दिलं, की आरपार वर बघतो, बराच वेळ बघतो, मग खाली बसून एवढंच म्हणतो, "हळू हसा हं." काय दिसलं ते सांगत नाही.

विनोद म्हणून तो चोख होता. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. कारण वर कोण आहे, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

आमची धाकटी बहीण. एवढीशी होती म्हणून आम्ही तिला मोहरी म्हणायचो. तिचं काळीज जन्मापासून कच्चं. जिना चढ-उतर करायची मनाई, म्हणून वरच्या उजेडाच्या खोलीत तिचा पलंग. खाली आम्ही हसलो की ती काठीने जमिनीवर ठोकायची. दोन लागोपाठ, मग थांबून एक. म्हणजे, मलाही सांगा. मग आमच्यापैकी एक जण नऊ पायऱ्या चढून जायचा, कडी काढायचा आणि म्हणायचा, "ऐक गं, काय झालं..."

एके दिवशी एक जाडजूड विमा-एजंट घरी आला आणि बाबांनी सकाळीच रंगवलेल्या खुर्चीवर बसला. उठला तेव्हा खुर्चीही त्याच्याबरोबर उठली. तो अब्रू सांभाळत तसाच दारापर्यंत गेला, आणि आई सवयीने म्हणाली, "बसा ना अजून थोडं."

आम्ही जमिनीवर लोळून हसलो. वरून ठोके आले. मी उठलो. मी नऊ वर्षांचा, दादा बारा. त्याने माझा सदरा धरला. "थांब रे, अजून संपलं कुठे? सगळं एकदम सांगू." ठोके तीनदा आले. मग आले नाहीत.

आई दूध घेऊन वर गेली तेव्हा मोहरी जमिनीवर पालथी होती. काचेचा पेला फरशीवर उपडा, आणि त्यावर कान. आईला वाटलं, ऐकतेय.

दादाने पुढे त्या ठोक्यांचाच विनोद केला. मी त्याला दोष देत नाही. त्याला तेवढंच जमलं. पण त्याने ठोके बदलले. तीन, सारखे. मोहरीची खूण आमच्या दोघांखेरीज आता कुणालाच माहीत नव्हती. आणि आयुष्यभर घर घेताना त्याने अट घातली की वर कुणी नको. शेवटी त्याने बांधलेलं घर तळमजल्याचंच, वर नुसती गच्ची. मी मात्र नेहमी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत आलो. आमच्या बायका यावरून आमची चेष्टा करत.

चित्रीकरण प्रेक्षकांशिवाय झालं. सुपरहिरोच्या मालिकेत हशा नसतो, शिवाय तारा, दोऱ्या, उड्या; बाहेरचं माणूस आत नको होतं. दीडशे खुर्च्या रिकाम्या. अकरा वर्षांत तिथे शांतता कशी असते ते मी प्रथमच ऐकलं.

सकाळी तालीम झाली. ठोके द्यायचं काम सुतारमिस्त्रींचं. पहिल्या भागापासून तेच. उभारलेल्या खोलीच्या वर दिव्यांसाठी फळ्यांचा अरुंद माचा होता, तिथे काठी घेऊन बसायचे. इशारा मिळाला. ठक, ठक, ठक. नट थांबले, जिथे हशा यायचा तिथे.

आणि त्या रिकाम्या जागेत ठक-ठक. मग थांबून ठक.

दिग्दर्शक म्हणाले, मिस्त्री, तीनच. मिस्त्रींनी वरून खाली बघितलं. काठी त्यांनी मांडीवर आडवी ठेवली होती. म्हणाले, मी तीनच दिले, पुढचे मला वाटलं तुम्ही मशीनवर लावलेत.

मी दादाकडे पाहिलं. तो कागदावर काहीतरी दुरुस्त करत होता. त्याच्या पेनाला टोपण तसंच होतं.

आमचा ध्वनिमुद्रक तीस वर्षं याच धंद्यात. सगळे त्याला कानसेन म्हणतात. लाकूड फुगतं, तारा आकसतात, दिवे तापले की पत्रा वाजतो, हे त्यानेच मला समजावलं आणि मला ते पटलंही. दुपारी त्याने मला त्याच्या काचेच्या खोलीत बोलावलं. म्हणाला, खात्री करावी म्हणून जुने भाग काढले. नटांचा आवाज वेगळा टिपलेला असतो, प्रेक्षकांचा वेगळा. त्याने प्रेक्षकांचा आवाज शून्यावर आणला.

मिस्त्रींचे तीन. मग दूर, बारीक, दोन. मग एक.

त्याने दुसरा भाग लावला. मग चाळिसावा. मग मागच्या वर्षीचा. प्रत्येक वेळी तसेच, त्याच जागी, हशाच्या बरोबर खाली.

"पहिल्यापासून आहे," कानसेन म्हणाला. "हसण्यात ऐकू आलं नाही, एवढंच."

कीर्तन करणाऱ्या एका बुवांपुढे बसून मी गोष्ट सांगायला शिकलो. ते कथा रंगात आणत आणि मधेच गप्प होत. म्हणत, आता तुम्ही नाही, तो वरचा ऐकतोय, त्याला वेळ द्या. हे मी हजारदा ऐकलं होतं. आम्ही अकरा वर्षं कुणाला वेळ दिला नव्हता.

मी दादाला गाठलं. म्हटलं, शेवट बदलू. आरपार जिना चढेल, वर जाईल, काय झालं ते तिला सांगेल, एवढंच मला हवंय, मग मालिका बंद पडली तरी चालेल. कानसेनकडे काय ऐकलं तेही सांगितलं. दादा शांतपणे ऐकत होता. मग त्याने माझा सदरा धरला, तसाच, बाहीपाशी.

"वर कुणी जाणार नाही. मी आहे तोवर नाही."

आणि तो घरी निघून गेला. चित्रीकरणाच्या दिवशी दादा घरी गेला, असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

आरपारचं काम करणारा नट सव्वासहा फुटांचा, पाळण्यातल्या पोराशीही अहो-जाहो करणारा. त्याला सगळे पहिलवान म्हणत. चित्रीकरण सुरू झालं. दाराची माफी झाली, कात्री सापडली, मिस्त्रींचे तीन ठोके पडले. पहिलवानाने मान वर केली. लिहिल्याप्रमाणे तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याहून जास्त. वाक्य त्याने म्हटलं, पण अगदी हलक्या आवाजात, झोपलेलं माणूस उठू नये तसं.

नंतर मुखवटा काढून तो माझ्याकडे आला. म्हणाला, साहेब, रागावू नका, पण त्या मुलीला खाली घ्या. एवढा वेळ फळीवर कान लावून निजलीय, गार लागेल तिला.

मी मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, माच्यावर मी एकटा.

रात्रीच्या जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. मी जिन्यापाशी आलो. तो नुसता दिखाऊ जिना. वर एक दार आणि दारामागे माच्याची फळी. पायऱ्या नऊच हव्यात म्हणून दादाने एकदा तो तोडून पुन्हा करायला लावला होता. मी मोजत चढलो. दार उघडलं. फळ्या, तारा, विझलेले दिवे. कुणी नव्हतं. मी खाली बसलो आणि म्हटलं, "ऐक गं, काय झालं..."

सगळं सांगितलं. रंग, एजंट, खुर्ची. "बसा ना अजून थोडं" म्हणताना आईचा हेलही मी साधला. मग मी गप्प राहिलो. वेळ दिला.

काहीच झालं नाही. उठताना फळीवर हात टेकला तर तो ओला झाला. एक वर्तुळ होतं, पेल्याच्या तोंडाएवढं. काचेवर श्वास सोडल्यावर येतो तसा दमटपणा. मी बघता बघता ते काठाकडून आत वाळत गेलं.

त्यानंतर स्टुडिओत मिस्त्रींच्या तीन ठोक्यांपुढे काही ऐकू आलं नाही. कानसेनने पुन्हा जुने भाग लावले, तिथेही नाही. तो म्हणाला, मी हे कुणाला सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. मला हलकं वाटलं. देवाने माझ्या वाट्याचं पदरात घेतलं, असं मनात म्हटलं. माझ्या वाट्याचंच फक्त, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

पाचव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, दादाचा फोन आला. वहिनी बाजारात गेल्या होत्या.

तो म्हणाला, "तू तिला माझा पत्ता दिलास का?"

मी काही म्हणायच्या आत मला ते फोनमधून ऐकू आलं. दोन लागोपाठ. मग थांबून एक.

"दादा," मी म्हटलं, "वर जा."

"वर कुठे जाऊ? माझ्या घराला वर आहे काय?"

पुन्हा ठोके आले. ती दुसरी वेळ होती. आम्ही दोघेही मोजत होतो. मग दादा म्हणाला, थांब, शिडी लावतो. त्याच्या गच्चीला जिना नाही, टाकी धुवायला चढायचं म्हणून त्याच्याकडे एक अॅल्युमिनियमची शिडी आहे. सहा पायऱ्यांची. मीच त्याच्याबरोबर जाऊन आणली होती.

फोन त्याने खिशात टाकला असावा. कापडाची घासघास, त्याचा दम, शिडी भिंतीला टेकल्याचा आवाज. मग पहिली पायरी.

मी मोजू लागलो. चार. पाच. सहा.

सात.

आवाज आता धातूचा नव्हता, लाकडाचा होता.

आठ. नऊ.

कडी निघाली.

मग दादा बोलला. "ऐक गं, काय झालं..."

आवाज त्याचाच होता. मी तो कुठेही ओळखेन. पण तो आवाज फुटण्याआधीचा होता, बारा वर्षांच्या मुलाचा.