सडक्या ओंडक्याचं बिंग

"शी! मी नाही जाणार त्याच्याजवळ!" चिमणीने नाक दाबलं. ताटात केस दिसला तरी ताट ढकलून देणारी मुलगी ती. आणि समोर बुळबुळीत, कुजक्या माशांचा भपकारा मारणारा ओंडका!

म्हणे हा गावाचा पहिला ओंडका. इथे नुसतं जंगल होतं तेव्हा लाकूडतोडे आले. झाडं पाडून त्यांनी नदीत सोडली आणि जिथे ती अडवून काठावर ओढली, तिथेच गाव वसलं. त्यांचा एवढा एकच ओंडका संग्रहालयात उरला होता. राखणदार मामाच्या हलगर्जीपणाने तो सडला, असं संग्रहालय समितीच्या चिटणीसांचं म्हणणं! दुपारी त्यांच्या घरी समितीची सभा होती. मामाची नोकरी जाणार होती.

"मामा रोज पुसायचा गं!" धाकटा बंब्या रडवेला झाला.

चिमणी श्वास रोखून वाकली. आळ्या वळवळत होत्या. तरी डोळे तिने मिटले नाहीत.

"बंब्या, टोक सपाट आहे. करवतीने कापलंय! भिंतीवरचं लाकूडतोड्यांचं चित्र बघ."

"सगळ्यांच्या हातात कुऱ्हाडी!"

"आणि चित्रातल्या ओंडक्यांवर आहे ती माशाची खूण इथे कुठंय? पाण्यात दुसऱ्यांची लाकडं मिसळायची, म्हणून लाकूडतोडे टोकावर आपली खूण ठोकायचे. अरे, ओंडकाच बदललाय! कोणी जवळ फिरकू नये म्हणून वर मासे चोळलेत!"

"ताई, चिटणीसांच्या ओसरीवर नवा बाक आलाय! चेंडू आणायला गेलो तर त्यावरच्या चादरीला हातही लावू देईनात!"

दुपारी चिटणीस त्याच बाकावर मांडी घालून काडीने कान कोरत होते आणि काडी चादरीखाली बाकालाच पुसत होते. किळसवाणा माणूस!

"काका, पुरावा आणलाय!" बंब्याने सडक्या ओंडक्याच्या लिबलिबीत ढलप्यांची बादली मधोमध आदळली.

काय तो वास! सगळी समिती ओकाऱ्या काढत अंगणात पळाली, चिटणीस सर्वांच्या पुढे! चिमणीने चादर खेचली. कुऱ्हाडीने तासलेलं टोक आणि त्यावर ठसठशीत मासा!

"मी... मी सांभाळायला आणला होता," चिटणीस चाचरले.

"कानातला मळ पुसून?" अध्यक्षबाई कडाडल्या. "चालते व्हा समितीतून!" मग त्या मुलांकडे वळल्या. "शाबास! आम्ही नाक दाबून लांब उभे राहिलो. वाकून पाहिलंत ते तुम्हीच."

मामा ओलं फडकं घेऊन धावत आला.

"दे इकडे," चिमणी म्हणाली. "तो मळ मी पुसते."