आलं का?

सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत टीव्ही बघणं हे एकट्याचं काम नव्हतं. एक माणूस खाली लागायचा, एक छतावर. वरचा अँटेना फिरवत ओरडायचा, "आलं का?" खालचा सांगायचा, "नाही! अजून डावीकडे!" चित्र लागलं की "आलं! या खाली!" म्हणायचं, मगच वरच्याने उतरायचं. एशियाडच्या वेळी टीव्ही आल्यापासून गोपिकाबाईंच्या घरी छत त्यांच्या नवऱ्याच्या, मनोहररावांच्या वाट्याला आलं. देवमाणूस. एकदा घरचे सिनेमात असे रंगले की त्यांना बोलवायचंच विसरले. हा बाबा बातम्या लागेपर्यंत थंडीत वर उभा! "तुम्ही कोणी बोलावलंच नाही," एवढंच म्हणाले.

मागच्या पौषात ते गेले. गिरणीतून घरी येता येता रस्त्यातच बसले, ते उठलेच नाहीत.

आज मात्र घरात पाय ठेवायला जागा नव्हती. अकरा वर्षांची लेक शामला शाळेच्या मुलींबरोबर मुंबईला जाऊन भुलाबाईची गाणी गाऊन आली होती आणि साडेसहाला ती टीव्हीवर दिसणार होती. एकदाच. निघून गेलं की गेलं. परत बघायला व्हिडिओ लागतो, तो गल्लीत कोणाकडेच नव्हता. गोपिकाबाईंचे पाय सकाळपासून जमिनीवर ठरत नव्हते. त्यांनी खिरापत केली, दोनदा आरसा पाहिला, जणू त्यांनाच गायचं होतं. आज हे असते तर, असं मनात आलं की त्या डबे पुसायला घ्यायच्या.

शेजारच्या देवरावांनी नवा बूस्टर बसवून दिला होता. "आता काही टेन्शन नाही वहिनी," ते म्हणाले, "बटन फिरवा न् पाहा. छतावर चढाचे दिवस गेले."

साडेसहाला कार्यक्रम लागला आणि नेमका वारा सुटला. पडद्यावर मुंग्याच मुंग्या. देवराव बटन पिळत बसले.

"काहून येऊन नाही राहिलं जी?" त्यांची बायको सिंधूताई ओरडली.

"फिरवून राहिलो ना!"

मुलींचा आवाज खरखरीतून येत होता, चेहरे नव्हते. शामला पडद्याला नाक लावून स्वतःला शोधू लागली. पोरीला सगळ्या गल्लीने पाहावं एवढंच गोपिकाबाईंना आज हवं होतं.

तेवढ्यात वरून आवाज आला, "आलं का?"

"नाही!" सगळी खोली सवयीने ओरडली. "डावीकडे!"

छतावर पाइप कुरकुरला. मुंग्या पातळ झाल्या.

"आलं का वं?"

"थोडं अजून! अजून! बस, बस! आलं!"

लख्ख चित्र. दुसऱ्या रांगेत, दोन वेण्यांची, शामला! खोलीत एकच गिल्ला झाला. सिंधूताईंनी टाळ्या पिटल्या. गोपिकाबाई हसत होत्या, रडत होत्या, आणि हसता हसताच त्यांनी खोलीभर नजर फिरवली. वर कोण गेलं? देवराव बूस्टरपाशी होते. बाकीचे सगळे बसलेलेच होते.

त्या मागच्या दाराने अंगणात आल्या. छताला जिना नव्हता, फक्त बांबूची शिडी. दारातून पडलेल्या उजेडात ती भिंतीच्या कडेला आडवी पडलेली दिसली. पौषापासून तिला कोणी हात लावला नव्हता. पावसाळ्यात वालाचा वेल तिच्यावर चढला होता आणि एकही पान तुटलेलं नव्हतं.

आतून शामलाचं गाणं ऐकू येत होतं. त्या धावतच परत आत गेल्या. पोरीचं गाणं चुकवायचं नव्हतं.

कार्यक्रम संपला. खिरापत वाटली. "बूस्टर म्हणजे बूस्टर!" म्हणत देवराव गेले, मागोमाग सगळे गेले.

शामला खिरापत चावता चावता म्हणाली, "आई, बाबाले खाली बोलाव ना. आपण नुसतं 'आलं' म्हटलं. 'या खाली' कोणीच नाही म्हटलं."

गोपिकाबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली.

त्या अंगणात आल्या. चांदणं पडलं होतं. छताचा काठ रिकामा दिसत होता. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त काय वाटत होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. दहा महिने त्यांनी या माणसाला स्वप्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"आलं जी," त्या हळूच म्हणाल्या. "लेक दिसली. या खाली आता."

वारा पडला होता.

मग वरून, अगदी काठाजवळून, नेहमीचा समजूतदार आवाज आला.

"शिडी लाव वं."

गोपिकाबाई वाकल्या. त्यांनी शिडीचं टोक धरलं. वेल तटतट तुटला.

दुसरं टोक शामलाने आधीच उचललं होतं.