निवृत्तीकाकाचा टायमर

साखरखेर्ड्याचे वैजनाथ मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे आणि घरातही ते सोडायचे नाहीत. लेक रेवती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा जावयाने आपली विजेवरची गाडी त्यांच्या दारात ठेवली. पोटातलं बाळ आडवं होतं. कळा सुरू झाल्या की तडक बुलढाणा गाठा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. बुलढाणा सत्तर किलोमीटर, म्हणजे गाडी कायम भरलेली हवी.

पण संध्याकाळी व्होल्टेज पडायचं आणि चार्जर बंद पडायचा. म्हणून दुपारी बारा ते तीन आपोआप चालेल असा टायमर लावायचं ठरलं. वायरमन गोकुळने तो आणला आपल्या वारलेल्या काकाच्या, निवृत्तीच्या, विहिरीवरच्या मोटरीचा काढून. आपल्याकडे जुनं चालू असताना नवं घेणं म्हणजे पाप. तबकडीभोवती शहाण्णव बारीक दाते, एकेक पाव तासाचा. जेवढे आत दाबाल तेवढा वेळ वीज चालू. मास्तरांनी बारा दाते मोजून दाबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच चार्जर गुणगुणू लागला. टायमरचा डबा उघडला तर आठ ते अकराचे दाते आत, दुपारचे सगळे बाहेर. मास्तरांनी बायकोकडे संशयाने पाहिलं.

"मी काऊन हात लावू त्या डब्ब्याले?" शारदाबाई म्हणाल्या आणि दिवसभर बोलल्या नाहीत.

मास्तरांनी दाते पुन्हा बारावर आणले, डब्याला कुलूप ठोकलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. सकाळी पुन्हा आठ. कुलूप जसंच्या तसं, किल्ली कमरेला टोचत होती. ऐन चैत्रात, आवारात पाण्याचा थेंब नसताना, दात्यांवर ओला चिखल होता.

त्यांनी गोकुळला फोन लावला. तो म्हणाला,

"काका बी असंच करे, सर. लाइनीची पाळी काही बी असो, तो आपल्या मनानं मोटर लावे. मग डीपी जळे. साऱ्याईचं रान सुकेल, अन् त्याचं तेवढं भिजेल राहे."

मेलेली माणसं दाते दाबत नाहीत, रविवारी येऊन काढून ने, असं मास्तरांनी त्याला सुनावलं.

बुधवारी ते मेहकरला आणि आसपासच्या गावांना दिवसभर हिंडून आले. गाडीत पंधरा टक्के उरले होते. हट्टाने दाते बारावर लावूनच ते झोपले. गुरुवारी आठच्या ठोक्याला गुणगुण सुरू झाली, तसा त्यांनी मेन स्विचकडे हात नेला. पण शाळेला उशीर होत होता. जाऊ दे, म्हणाले आणि निघाले.

अकराला गावची डीपी जळाली आणि गावभरची वीज गेली.

सव्वाअकराला रेवतीला कळा आल्या. अॅम्ब्युलन्सला यायला तास लागणार होता. मास्तर शाळेतून धावत आले, धापा टाकत गाडीत बसले.

पंच्याऐंशी टक्के.

बाराची वाट पाहिली असती, तर अजून पंधराच असते.

चिखलीमार्गे बुलढाणा गाठलं. अर्धा तास उशीर झाला असता तर दोघींपैकी एकीचीही खात्री नव्हती, असं डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. मुलगी झाली. दोघी सुखरूप. मास्तर दवाखान्याच्या बाकावर बसून हमसून हमसून रडले, आणि त्यांना इतकं हलकं वाटलं की लाज कसली ती वाटलीच नाही. घरी परतल्यावर या विज्ञानाच्या मास्तरांनी डब्यापुढे नारळ फोडला. रविवारी गोकुळ आला, त्याला चहा पाजून रिकाम्या हाताने परत धाडलं.

मग बारसं झालं. पाहुणे जेवून गेले. मांडीवर नात घेऊन रेवती पेंगत होती. संध्याकाळी मास्तरांनी मजेत शीळ घालत, सहज म्हणून डबा उघडला.

शहाण्णवच्या शहाण्णव दाते आत दाबलेले होते, म्हणजे चोवीस तास वीज चालू. चिखल ताजा होता.

मास्तरांनी एकही दाता बाहेर ओढला नाही. गाडीला वायर लावली, स्वयंपाकघरात गेले आणि शारदाबाईंना हळू आवाजात म्हणाले, "बाळाची बॅग भरून ठेव."