डेटाबेसच्या तासाला आलेला पाहुणा

"सेकंड इयर का?"

मी मागे वळले. कॉलेजच्या पोर्चमध्ये हातात भिजलेलं हेल्मेट धरून एक उंच तरुण उभा होता. बाहेर भुरभुर पाऊस, त्याच्या चष्म्यावर थेंब… आणि थेंबांआडून तो माझ्या पाठीवरच्या सॅककडे बघत होता.

"थर्ड इयर," मी म्हणाले. तसं ते खोटं नव्हतंच. थर्ड इयरलाच मी शिकवत होते.

"बरं झालं! डेटाबेसच्या वर्गात जायचंय, गेस्ट लेक्चर आहे माझं. त्या योगिनी देवरे मॅडम कशा आहेत? कडक?"

"भयंकर!" हसू दाबत मी जिना दाखवला. "उशिरा येणाऱ्याला आत घेत नाहीत."

पाच मिनिटांनी मी वर्गात शिरून टेबलावर हजेरीपट ठेवला, तेव्हा पाहुणे, दिनेश निकम, कानापर्यंत लाल झाले होते.

नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यातलं सगळं सॉफ्टवेअर ते सांभाळायचे. चाळीस मिनिटं अस्खलित इंग्रजीत बोलले. स्लाइड्सही देखण्या. शेवटी "एनी क्वेश्चन्स?" म्हणाले आणि वर्गात फक्त पंख्याची घरघर ऐकू आली.

मला राहवेना. माझी मुलं देवळ्याची, निफाडची, चांदवडची. डोकी तल्लख, पण इंग्रजी ऐकलं की जीभ टाळ्याला चिकटायची. मी खडू उचलला.

"प्रतिभा, तुझे वडील लासलगावला कांदा नेतात ना? समज, प्रत्येक ट्रॅक्टरमागे आपण एक ओळ लिहितो. शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाइल. हंगामात तीस ट्रॅक्टर गेले आणि नंतर वडिलांनी नंबर बदलला. किती ओळी बदलायच्या?"

"तीस!" मागून आवाज आला.

"आणि एक राहून गेली तर?"

प्रतिभा चाचरत उठली. जुलैपासून ती वर्गात एकदाही बोलली नव्हती. "मग… खरा नंबर कोणता, ते नाय कळणार, मॅडम. शेतकऱ्यांचं टेबल येगळंच ठेवायला पायजे. ट्रॅक्टरच्या ओळीत त्याचा नुसता आयडी."

वर्गानं बाकं वाजवली. मी सहज मागे पाहिलं, तर पाहुणे शेवटच्या बाकावर बसून चक्क वहीत लिहून घेत होते.

"मला हे असं कुणीच शिकवलं नव्हतं," जाताना ते म्हणाले. "शनिवारी आमचा कारखाना बंद असतो. प्रॅक्टिकलला मदतीला आलो तर… चालेल?"

"मुलांना चालेल," मी म्हणाले.

"आणि मॅडमना?"

मी हजेरीपट उचलून निघाले. पण शनिवारी निळा कुर्ता घातला, हे मात्र खरं.

मग तो दर शनिवारी येऊ लागला. मुलांच्या क्वेरींमधल्या चुका शोधून द्यायचा, कॅन्टीनमध्ये माझ्या चहात आलं जास्त टाकायला सांगायचा. दिवाळीपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

नोव्हेंबरात एका शनिवारी तो जवळजवळ धावतच आला.

"योगिनी, मला पुण्याला बढती मिळाली! आणि ऐक… तुझ्यासाठीही बोललोय. येत्या शुक्रवारी इंटरव्ह्यू आहे."

चहाचा कप मी खाली ठेवला. "मला न विचारता?"

"अगं, तुझ्यासारखी हुशार मुलगी इथे—"

"इथे काय?"

तो हातातलं हेल्मेट फिरवत राहिला.

"गुरुवारी तोंडी परीक्षा आहे," मी म्हणाले. "येऊन बघ, मी इथे काय करते ते. मग बोलू."

गुरुवारी प्रतिभा परीक्षकांसमोर बसली. बाहेरच्या कॉलेजचे, करड्या मिशांचे गृहस्थ. त्यांनी इंग्रजीत पहिला प्रश्न विचारला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. शेजारी बसूनही मला एक शब्द सुचवता येत नव्हता. काचेच्या दाराबाहेर दिनेश उभा होता.

ओढणीचं टोक पिळत ती म्हणाली, "सर… आधी मराठीत सांगितलं तर चालेल?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सांग."

तिनं कागद ओढला, दोन टेबलं काढली आणि बोलत सुटली. कुठे अडली नाही. परीक्षकांनी मुद्दाम अडवून विचारलं, "शेतकऱ्याची ओळ कुणी पुसली आणि त्याचे ट्रॅक्टर तसेच राहिले तर?"

"पुसूच द्यायची नाय, सर! ट्रॅक्टर त्याच्या आयडीला बांधून ठेवलेत, फॉरेन की लावलीये मी."

मग कुणी न सांगता तिनं सगळं पुन्हा इंग्रजीत सांगितलं. मोडकं-तोडकं, पण मुद्दा एकही चुकला नाही.

"कुणी शिकवलं हिला?" परीक्षकांनी मला विचारलं. मी काही बोलायच्या आत प्रतिभाच ताठ मानेनं म्हणाली, "मॅडमनीच. आमच्या मॅडमनी!"

मी दोन मिनिटांसाठी बाहेर आले. दिनेश चष्मा काढून डोळे पुसत होता.

"इंटरव्ह्यू रद्द करायला सांगितलंय," तो म्हणाला. "चुकलो मी. मला वाटायचं, तू इथे अडकलीयस. आणि आत्ता… इतका अभिमान वाटला गं! शेजारी शिपाईमामा उभे होते, त्यांनाही सांगितलं… बघा, त्या मॅडम म्हणजे माझ्या—"

"तुझ्या कोण?"

"तेच तर विचारायला आलोय." त्यानं श्वास घेतला. "पुण्याला वर्षभर जावं लागेल. दर शनिवारी येईन. पण घर करायचं ते नाशिकलाच. तुझ्याबरोबर… करशील?"

आतून पुढचा रोल नंबर पुकारला गेला. दारातून चार-पाच डोकी आमच्याकडे टक लावून बघत होती.

"करीन," मी म्हणाले. चांगलं मोठ्यानं म्हणाले.

संध्याकाळी मी देवळ्याला आईला फोन लावला. आधी प्रतिभाची परीक्षा अगदी शब्दन् शब्द ऐकवली, आणि मग सांगितलं, की एका मुलानं मागणी घातलीय आणि मी हो म्हटलंय.

"अगं बाई!" आई ओरडलीच. "हे आधी सांगायचं का ते परीक्षेचं?"

"तेच आधी, आई," मी म्हणाले.