चार नंबरमधली खुर्ची

तो कोपऱ्यातला मोठा दिवा मालवा आणि दाराला कडी घाला. भीती म्हणून नाही रे, वारा येतो म्हणून. आता पायांवर पांघरूण घ्या आणि मधे मधे बोलू नका. हे माझ्या धाकट्या बहिणीच्या नातीचं आहे. तिनं सांगितलं तेच सांगते, एक शब्द पदरचा नाही.

पोरगी इतकी बारीक, की सगळे तिला काडीच म्हणायचे. मोठ्या शहरातल्या विद्यापीठात पियानो शिकायची आणि राहायला माझ्याकडे. बाप पंप दुरुस्त करणारा. पहिल्या वर्षाची फी त्यानं व्हॅन विकून भरली. दुसऱ्या वर्षासाठी विकायला दुसरी व्हॅन नव्हती. सगळी फी माफ होईल अशी जागा एकच, उमेदवार सात. ती मिळाली नाही तर सोमवारी सामान बांधून घरी, असं बापलेकीचं ठरलेलं.

हातखर्चापुरतं काडी कमवायची. पानं उलटून. हसताय काय? काम असतं ते. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले, समोर स्वरलिपीची पानं. मग त्याच्या डाव्या अंगाला एकजण खुर्चीवर बसतो. वाजवणाऱ्यानं मान हलवली की उठायचं, वरचा कोपरा धरून पान उलटायचं, खाली बसायचं. कपडे काळे. खोकायचं नाही, गुणगुणायचं नाही. लोकांच्या नजरेत भरलात की काम चुकलं समजा.

त्या जागेसाठीच्या परीक्षेची रीतच वेगळी. आदल्या दिवशी पाच वाजता एक अनोळखी रचना हातात ठेवायची आणि सकाळी दहाला वाजवून घ्यायची. बारा पानं! एका रात्रीत पाठ कशी होणार? झेरॉक्स काढून पानं शेजारी शेजारी मांडायला बंदी. पायानं पान उलटायचं यंत्र निघालंय म्हणे, पण त्याच्या किमतीत आमचं तीन महिन्यांचं भाडं निघालं असतं. पानं उलटणारा ज्यानं त्यानं आणायचा. आणि साऱ्या कॉलेजची पानं उलटणाऱ्या आमच्या काडीला कोणी मिळेना. ते काम करणारे आणखी दोघं होते, ते स्वतःच त्या सातांत.

नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार. नऊला दहा कमी असताना काडी घरी आली ती फक्त मफलर न्यायला.

"अगं, दोन घास खाऊन जा. हातात बळ नको?"

"आजी, पियानो वाजवायचाय, पोती नाही उचलायची."

आणि गेलीसुद्धा.

सरावाच्या खोल्या तळघरात. सगळ्या भरलेल्या. वॉचमनकाकांनी चार नंबरची किल्ली पुढं केली, पण लगेच सोडली नाही.

"आत एक खुर्ची आहे. हलवू नकोस."

"का हो?"

"पाय मोडकाय तिचा."

"मग टाकून द्या की!"

काकांनी किल्ली सोडली.

खोलीला खिडकी नव्हती, पंखा नव्हता. पियानो, त्याचं स्टूल, आणि स्टुलाच्या डावीकडे ती खुर्ची. काडीच्या कोपराला लागायला लागली, म्हणून तिनं उचलून भिंतीशी ठेवली. चारही पाय धड होते.

वाजवायला बसली. बाकी सगळं जमत होतं, अडत होतं ते सातव्या पानाच्या शेवटी. तिथं एक हात या टोकाला, दुसरा त्या टोकाला. पान उलटायला गेलं की सूर तुटायचा. दहा वेळा तुटला, वीस वेळा तुटला. बारा वाजून गेले. डोळे जड झाले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पहिल्या पानाच्या शेवटी, सवयीनं, तिनं मान हलवली.

पान उलटलं.

पुढच्या दोन ओळी वाजवून झाल्या, तेव्हा तिच्या ध्यानात आलं. हात थांबले. दार बंद होतं. दमलीयेस तू, असं स्वतःलाच म्हणाली आणि पुढं वाजवू लागली. आता मान हलवायचीच नाही. तिसऱ्या पानाचा शेवट आला...

वरचा कोपरा उचलला गेला. आणि तसाच राहिला.

वाट बघत.

डावीकडे लाकूड करकरलं. खुर्ची भिंतीशी होती ना? आता आवाज जवळून आला... कोपराजवळून. काडीनं तिकडे बघितलं नाही. मान हलवली. दुसरं काय करणार? पान उलटलं.

पळावंसं वाटलं तिला. पण पळून जाणार कुठं? बाहेर सोमवार उभा होता.

पाचवं पान. उलटलं. सातवं. कोपरा उचलला गेला, पण थरथरत होता. तिनं मान हलवली.

दोन पानं एकदम गेली. आठवं नाही, नववं नाही, समोर एकदम दहावं.

मग... कुणीतरी श्वास सोडला. लांब. तो तिचा नव्हता.

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा सातव्याला दोन पानं. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्या वेळी तिनं हात मांडीवर घेतले. ती थरथर तिच्या ओळखीची होती. शेकडो लोकांसमोर तिचीही बोटं तशीच व्हायची. समोरच बघत ती हळूच म्हणाली,

"हाताला घाम येतोय का? मलाही येतो. पुसा याला."

आणि मफलरचं टोक डावीकडे धरलं.

काही नाही...

काही नाही...

मग मफलर किंचित ओढला गेला. परत घेतला तेव्हा टोक ओलं होतं.

तिनं वाजवायला घेतलं. सातवं पान. मान हलवली. एक पान. एकच.

साडेचारपर्यंत ती वाजवत होती. डावीकडे एकदाही बघितलं नाही.

सकाळी किल्ली परत घेताना काकांनी तिचा चेहरा बघितला.

"खुर्ची हलवलीस ना?" म्हणाले. "आठ वर्षं झाली. तुझ्यासारखंच एक पोर होतं, फीसाठी पानं उलटायचं. एका मुलीच्या परीक्षेत दोन पानं एकदम गेली. तिची जागा हुकली. मग याला कोणी बोलावेना. फी थकली. शेवटी त्याच खोलीत..."

काकांनी किल्ली खिळ्याला अडकवली.

दहा वाजता ती परीक्षेच्या दालनात गेली. समोर तीन परीक्षक. पियानो, स्टूल, बाकी काही नाही.

"पानं उलटायला कोण?"

"कोणी नाही, सर."

पहिलं, तिसरं, पाचवं तिनं स्वतः उलटलं, धडपडत. सातव्याचा शेवट आला. एक हात या टोकाला, दुसरा त्या टोकाला. तिनं मान हलवली.

नववं आणि अकरावं कोणी उलटलं, ते तिला आजही आठवत नाही.

शनिवारी निकाल लागला. जागा काडीला मिळाली! बाप फोनवर रडला, म्हणाला, "पंपाचं पाणी गेलं डोळ्यात." पण काडी काही हसली नाही. परीक्षकांचे शेऱ्यांचे तीन कागद मिळाले होते, त्यातले दोन तिनं जवळ ठेवले आणि तिसरा मला दिला. "आजी, हा माझ्या खोलीत नको." मला अक्षरओळख नाही, पण इतकी वर्षं जपून ठेवलाय. बघ, त्या डब्यात तळाशी आहे. थोरले, तुझे डोळे चांगले आहेत. दिव्याजवळ ये. वरचं सोड, ते हाताबद्दल आणि तालाबद्दल आहे, काडीनंच सांगितलंय. अगदी खालची ओळ. मोठ्यानं वाच, सगळ्यांना ऐकू दे.

"'पानं उलटणारा मुलगा... सगळा वेळ उभाच होता. पुढच्या वेळी... त्याला खुर्ची द्यावी.'"