अर्ध्यावरचा धवला

मैना आली ती फक्त एक गाणे न्यायला. उद्या संध्याकाळी रोडपालीत तिच्या लेकीचे, मनस्वीचे, लग्न होते आणि विधी चालू असताना मांडवात धवला, म्हणजे लग्नविधीचे गाणे, हवा होता. मैनाची आई चंद्रावती त्या भागातली धवले गाणारी जाणती धवलारीण. तिला जाऊन पाच वर्षे होत आली होती. तिचा आवाज उरला होता तो एकाच जागी, खांदा कॉलनीत लोकगीतांचा अभ्यास करणाऱ्या वसुंधराच्या जुन्या संगणकात. तोही अर्धाच.

त्या अर्ध्याचा दोष वसुंधराकडे जात होता. रेकॉर्डिंग ऐन रंगात असताना वीज गेली. म्हातारी अंधारातही गातच राहिली. वसुंधराने तिला थांबवले. नोंद होत नसेल तर गाण्याचा उपयोग नाही, पुढच्या आठवड्यात पहिल्यापासून घेऊ, असे तिने शिस्तीत समजावले होते. वहीत थांबवल्याची वेळही लिहून ठेवली: ११ डिसेंबर २००८, दुपारी चार सतरा. तो पुढचा आठवडा चंद्रावतीने पाहिला नाही.

आता भर दुपारी मैना खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि वसुंधराचा संयम सुटत चालला होता. संगणकावर लिनक्स प्रणाली होती. दहा वर्षे निमूट चाललेले यंत्र महिनाभर बंदच होईना. बंद करायला जावे तर पडदा काळा होई, तळाशी एकच ओळ लुकलुकत राही आणि पंखा घरघरत बसे. वैतागून दोनदा तिने बटण दाबून धरले होते. दुसऱ्यांदा, आज सकाळी, दोन गायिकांची गाणी कायमची गेली. डिस्क आता तिसरा धक्का सोसणार नव्हती. आज गाणे उतरले, पण पेन ड्राइव्ह सुटेना. फाइल वापरात आहे, एवढेच उत्तर.

“तुमच्या मशीनपेक्षा आमची म्हैस बरी, म्याडम,” मैना म्हणाली. “हाकलली का उठते तरी.”

वसुंधरा हसली नाही. यंत्र तसे बंद झाले तेवढ्यात तिने त्याच्या आतल्या घड्याळाची बटणासारखी बॅटरी बदलली होती, वेळ आकाशवाणीशी ताडून पाहिली होती, केबली काढून पुन्हा बसवल्या होत्या. उरला एकच प्रश्न, तो तिने यंत्रालाच टाकला: आत कोण कोण आहे?

दोन नावे उमटली. पहिले तिचे, आत आल्याची वेळ आज दुपारी बारा दहा. दुसरे चंद्रावती. ११ डिसेंबर २००८, चार सतरा.

गाणी मिसळू नयेत म्हणून प्रत्येक गायिकेचे वेगळे खाते तिनेच उघडले होते. तेव्हा नावाचे नवल नव्हते. पण त्या दिवसानंतर हे यंत्र शेकडो वेळा बंद होऊन चालू झाले होते. जुनी नोंद अडकली असेल, असे स्वतःशी पुटपुटत तिने ते नाव काढून टाकले. क्षणभर नाहीसे होऊन ते परत आले. तिने पुन्हा काढले. पुन्हा आले. मग तिचे लक्ष गाण्याच्या फाइलच्या आकाराकडे गेले. आकडा वाढत होता. माइक तर कपाटात, डब्यात होता...

खोलीत कुठूनसा ओल्या हळदीचा वास आला.

तिने तिसऱ्यांदा आज्ञा टाइप केली, तेव्हा मैनाने तिचा हात धरला. पकड घट्ट होती, आवाज मात्र अगदी खालचा.

“नको, म्याडम... पुरा करू दे तिला. आमची आय अर्ध्यावरून कदी उठली नाय.”

वसुंधराने कळफलकावरून बोटे उचलली. दोघी आकडा पाहत बसल्या. नऊ मिनिटांनी तो थांबला. दुसरे नाव आपोआप गेले.

तिने फाइल लावली. जिथे पाच वर्षे शांतता होती, तिथे चंद्रावती गात होती; धिमी, खडबडीत, श्वास घेत घेत. नवरीच्या नावाची जागा आली आणि तिने मनस्वी म्हटले. शेवटची ओळ संपल्यावर, लांबून आल्यासारखा, मैनाचाच आवाज ऐकू आला: पुरा करू दे तिला.

मैना रडली नाही. तिने तो उरलेला भाग तीनदा ऐकला, ओठ हलवत.

“ठेवा तुमचा पेन डायू,” ती उठत म्हणाली. “मला पयला अर्धाच येत होता. आता पुरा आला. उद्या मांडवात मीच गाईन.”

जिन्यावरून तिचे गुणगुणणे खाली उतरू लागले. वसुंधराने खोल श्वास घेतला आणि यंत्र बंद करायची आज्ञा दिली. बंद होण्याऐवजी पडद्यावर सूचना आली: आणखी एक व्यक्ती आत आहे.

तिने यादी पुन्हा मागवली. दोन नावे. दुसरे मैना.

त्या नावाचे खाते तिने कधी उघडलेच नव्हते. समोरची वेळ तिने दोनदा वाचली, भिंतीवरच्या दिनदर्शिकेशी ताडली. संध्याकाळी सहा बेचाळीस. तारीख उद्याची, मैना मांडवात गाणार त्या दिवसाची.

खाली जिन्यात धवला अजून चालू होता.